तारण, प्रायश्चित्त आणि कफ्फारा

गुड फ्रायडेच्या सुट्टीची सूचना वर्गात वाचून दाखवली की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, येशू आमच्या पापांसाठी मेला असे ख्रिस्ती लोक म्हणतात. पाप एकाचे आणि शिक्षा दुसऱ्याला, हा कसला न्याय?" वर्गात दोन-तीन ख्रिस्ती मुले असतात. ती खाली बघतात. बकरी ईदच्या आधी कुर्बानीवरून प्रश्न सुरू झाले की आपली मुलेही अशीच खाली बघतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे लागते. ख्रिस्ती माणसाने ऐकले तर "हो, आम्ही हेच मानतो" असे त्याला म्हणता आले पाहिजे.

कोल्हापूरला ही शिकवण नवी नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथे आले. इथल्या ख्रिस्ती घरांतला नेहमीचा शब्द म्हणजे 'तारण'. बँकेच्या पाटीवरही 'सोनेतारण कर्ज' असते. अर्थ वेगळे, पण मुलांना समजावताना ही जोडी कामी येते. ख्रिस्ती विचार असा: पाप हे देवाचे देणे. देव न्यायी, म्हणून ते नुसते सोडून देता येत नाही. देव दयाळू, म्हणून माणसाला बुडू देता येत नाही. माणसापाशी तर फेडायला काहीच नाही. मग ते देवानेच येशूच्या रूपात येऊन फेडले. म्हणजे भलत्याच निरपराध्याला शिक्षा झाली असे ख्रिस्ती माणूस मानत नाही. ज्याचे येणे होते त्यानेच तोटा सोसला, असे तो मानतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे आठवते. संस्कृत शास्त्रे शिकलेल्या, आई-वडिलांसोबत तीर्थे करीत वाढलेल्या या विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तारण आपल्या प्रयत्नाने मिळत नाही, ते फुकट स्वीकारायचे असते, ही गोष्ट मनाला पटायला पुढे आणखी काही वर्षे गेली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. यात नवल नाही. शास्त्रातले प्रायश्चित्त ज्याचे त्याने करायचे असते. मराठी बायबलने तोच शब्द दुसऱ्याने आपल्यासाठी केलेल्या गोष्टीला लावला.

उर्दूत हीच गंमत 'कफ्फारा' या शब्दाची. उर्दू बोलणारे ख्रिस्ती येशूच्या मरणाला कफ्फारा म्हणतात. आपल्याकडे शपथ मोडली तर दहा गरजूंना जेवू घालणे किंवा कपडे देणे, किंवा गुलाम मुक्त करणे, आणि यातले काहीच जमत नसेल तर तीन रोजे, हा कफ्फारा. तो ज्याचा त्यानेच द्यायचा.

आपली वाट कुठे वेगळी होते, तेही मुलांना स्वच्छ सांगावे. हजरत ईसा (अलै.) आपल्यासाठी अल्लाहचे थोर पैगंबर आहेत, ते ईश्वर नाहीत. त्यांना क्रुसावर मारले गेले हे कुरआन मानत नाही. हजरत आदम (अलै.) यांची तौबा अल्लाहने कबूल केली, त्यामुळे त्यांच्या चुकीचे ओझे घेऊन मूल जन्मत नाही. कयामतच्या दिवशी कोणी कोणाचे ओझे उचलणार नाही. अल्लाहला माफ करायला मोबदला लागत नाही, मनापासूनची तौबा पुरते. तेव्हा खरा मतभेद न्यायाच्या हिशेबाचा नाही, हजरत ईसा (अलै.) कोण, याचा आहे. एवढे कळले की वाद घालतानाही टिंगल सुचत नाही.

मात्र तौबा सोपी आहे असे समजून आपण निर्धास्त होऊ नये. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे आपल्यावरचे हक्क, नुसत्या तौबेने फिटत नाहीत. भावाची दाबलेली जमीन, बहिणीचा न दिलेला वाटा, कामवालीचा अडवलेला पगार, कोणाची केलेली बदनामी, हे ज्याचे त्याला परत करावे लागते, त्याची माफी मागावी लागते. शेजाऱ्याच्या श्रद्धेची केलेली चेष्टाही याच खात्यात जमा होते. ते देणे आपल्या वतीने दुसरा कोणी फेडणार नाही. त्यासाठी त्या शेजाऱ्याचेच दार वाजवावे लागेल.