वसती, वस्ती आणि चाकांवरचे घर

महानुभाव वाङ्मयात 'स्थानपोथी' नावाचा एक ग्रंथ आहे. चक्रधरस्वामींच्या सहवासाने पवित्र मानल्या गेलेल्या स्थळांची ती नोंद. एम. ए.च्या वर्गात 'लीळाचरित्रा'च्या जोडीने तिचा उल्लेख होतो, परीक्षेत पाच गुणांच्या टिपेपुरती ती विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते आणि पुढे विस्मरणात जाते. या पोथीतील स्थळांची वर्गवारी मात्र आम्हांस नेहमीच विचारप्रवर्तक वाटत आली आहे. स्वामी जेथे काही काळ बसले ते 'आसन', जेथे रात्र काढली ती 'वसती' आणि जेथे दीर्घकाळ राहिले ते 'अवस्थान'. एखाद्या जागेशी माणसाचे नाते किती व कोणत्या प्रकारचे, हे सांगणारी अशी नेमकी परिभाषा सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीने घडवली होती. आज आपण या तिन्ही गोष्टींना सरसकट 'पर्यटन' म्हणतो.

या परिभाषेची आठवण ताजी व्हायला कारण घडले ते दाजीपूरच्या एका मुक्कामाचे. दिवाळीच्या सुटीचा शेवटचा आठवडा होता. एका स्नेह्याने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची आसने काढून तिच्यात दोन बाके, शेगडी, पाण्याची टाकी आणि पडदे बसवून चाकांवरची खोली तयार केली होती. ती घेऊन आम्ही उभयता निघालो. कोल्हापूरहून राधानगरीमार्गे दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर. भोगावतीच्या काठाकाठाने जाणारा हा रस्ता कोल्हापूरकरांना पाठ असतो. वाटेत राधानगरीचे धरण लागते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले हे काम स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की दर पावसाळ्यात साऱ्या कोल्हापूरचे लक्ष पंचगंगेच्या पातळीकडे लागते.

धरणाच्या वरच्या अंगाला जंगल सुरू होते. कोल्हापूर संस्थानचे हे शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. दाट झाडी, मध्येच जांभ्या दगडाचे उघडे सडे आणि पश्चिमेला फोंडा घाटातून एकदम खाली कोसळणारे कोकण, असा हा प्रदेश. नकाशावर एक हिरवा डाग दिसतो. पण त्याच्या पोटात आणि कडेला माणसांच्या वाड्या आहेत, धनगरवाडे आहेत, भाताची आणि नाचणीची खाचरे आहेत.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर एका घराच्या अंगणात गाडी लावण्याची परवानगी आम्ही मागून घेतली होती. संध्याकाळी गाडीचे पडदे ओढून आम्ही शेगडी पेटवली, तेव्हा घरातल्या आजी बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, "ताई, गाडीतच निजताय व्हय? घर न्हाई का हितं?"

त्या प्रश्नात राग नव्हता. किंचित दुखावलेपण मात्र असावे. आमच्यापाशी पाणी होते, अन्न होते, अंथरूण होते. आम्हांला त्यांचे काहीच नको होते आणि नेमके तेच त्यांना विचित्र वाटले असणार. मुक्काम म्हटला की पाहुण्याने काही मागावे आणि यजमानाने ते द्यावे, हा त्यांचा शिरस्ता. शेगडी विझवून आम्ही त्यांच्या चुलीपाशी गेलो. नाचणीची भाकरी आणि पिठले खाता खाता भात कसा निघाला, कोणाच्या खाचरात गवे उतरले, याच्या गोष्टी ऐकल्या. जेवण होताच त्यांचा मुलगा बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन नाचणीच्या राखणीला गेला.

मध्यरात्री त्या डब्याचा आवाज आमच्या कानांवर आला. थांबून थांबून, कधी या बाजूने तर कधी त्या. आम्ही दिवसभर ज्या जनावराच्या दर्शनासाठी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, त्यालाच पिटाळण्यासाठी तो रात्रभर जागा होता. जंगलाची शांतता म्हणून आम्ही जे अनुभवायला आलो होतो, ती त्याच्या जागरणाने भरलेली होती. पिकाच्या नुकसानीला भरपाईची तरतूद आहे, पंचनामेही होतात. जागरणाचा पंचनामा कोण करणार?

मराठी साहित्यातील अरण्यानुभवाकडेही या दृष्टीने पाहता येईल. आपल्या प्रवासवर्णनांतील जंगल बहुधा 'आसना'चे असते. लेखक बसतो, पाहतो, उठतो. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले ते त्या रानात मुक्काम करून. मारुती चितमपल्लींची गोष्ट निराळी. वनखात्यातील नोकरीमुळे वर्षानुवर्षे जंगलांत राहिलेल्या या लेखकाचे ते अवस्थानच होते. वनवासी माणसांच्या तोंडचे पक्ष्यांचे, झाडांचे, प्राण्यांच्या सवयींचे शब्द त्यांच्या हाती लागले, ते त्यामुळेच. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अरण्याच्या शब्दकळेचा एक मोठा जाणकार मराठीने गमावला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. निजण्याची, स्वयंपाकाची, स्नानाची सोय असलेली वाहने आणि ती उभी करण्यासाठी सुसज्ज तळ, अशी ही कल्पना. दुर्गम भागात पक्की हॉटेले बांधण्यापेक्षा ती बरीच म्हणावी लागेल. सकाळी गाडी गेली की मागे सिमेंट उरत नाही. परंतु चाकांवर मुक्काम ही गोष्ट महाराष्ट्राला नवी मुळीच नाही. संध्याकाळी शेवटच्या गावी पोहोचून पहाटे परतणारी एसटी ही आपली 'वस्तीची गाडी'. स्थानपोथीतील 'वसती' या तिच्या नावात अजून नांदते आहे. तिचे चालक-वाहक गाडीत नाहीतर देवळात निजत. गाव त्यांना भाकरी देई, ते गावाला पहाटेची वेळ देत. आजारी माणूस, दुधाच्या किटल्या, कॉलेजची मुले त्याच गाडीने तालुक्याला जात. त्या मुक्कामात देणे-घेणे होते.

दुसरे फिरते घर आम्ही त्याच प्रवासात पाहिले. गळीत हंगाम सुरू होत होता आणि बैलगाड्यांवर संसार लादून ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या दिशेने चालली होती. भांडी, पेटी, गाडीच्या टोकाला बसलेले मूल. फडाजवळच्या कोपीत त्यांचे पाच-सहा महिने जातील. आमच्या गाडीच्या काचेतून ती गाडी दिसली आणि 'घर बरोबर घेऊन निघणे' या एकाच क्रियेचे दोन अर्थ समोरासमोर आले. एकाला ती सुटी आहे, दुसऱ्याला सुटका नसलेली वाट.

परतल्यावर वर्गात स्थानपोथीची ही परिभाषा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना आपापल्या जागा या तीन शब्दांत मांडायला सांगितल्या. चांदोलीच्या जंगलातून उठलेल्या गावातील एका घरचा मुलगा वर्गात होता. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील गावे खाली सपाटीवर आणली गेली. त्याने विचारले, "सर, अवस्थानावरून ज्यांना उठवलं, त्यांच्यासाठी पोथीत शब्द आहे का?"

तसा शब्द पोथीत नाही. ती एका विरक्ताच्या पावलांची नोंद आहे. तो स्वेच्छेने येतो आणि स्वेच्छेने जातो. आज जंगलात रात्र काढायला जाणारे आपण सर्वजणही स्वेच्छेनेच जातो आणि ती जागा पुष्कळदा कोणाच्या तरी अवस्थानाच्या मोबदल्यात शांत झालेली असते. गव्याला रान हवे, यात शंका नाही. ते रान राखले गेले म्हणूनच तो उरला. पण तेथे गाडी उभी करताना ही जागा कोणाची होती आणि कोणाची आहे, हे विचारण्याची रीत तरी आपण पाळली पाहिजे. वसतीला जागा मागावी लागते, एवढे त्या जुन्या शब्दाने आपल्याला अजून शिकवावे.