मी चुकीच्या रेषेपासून मोजलं

मिनेसोटातल्या एका तळ्याकाठची जुनी केबिन आम्ही घेतली, ती पाडून नवं घर बांधायचं हे ठरवूनच. जागा ६० फूट रुंद, जेमतेम अकरा गुंठे. तिथे सार्वजनिक ड्रेनेज नाही. अशा वेळी, आमचं तळं ज्या वर्गात येतं त्या वर्गासाठी राज्याचा नियम १५० फूट रुंद आणि ४०,००० चौरस फुटांचा, म्हणजे ३७ गुंठ्यांच्या आसपासचा प्लॉट मागतो, आणि घर पाण्यापासून १०० फूट मागे. आमची केबिन या नियमांच्या आधीची. आहे तिथे, आहे तेवढीच ती पुन्हा बांधायला कायद्याची मुभा होती. वाढवायची तर व्हेरियन्स, म्हणजे नियमातून खास सूट, घ्यावा लागणार होता. मी ‘पुन्हा बांधता येतं’ एवढंच ऐकलं आणि दोन मजली घर डोक्यात घेतलं.

सर्व्हेअरच्या आधी मी आर्किटेक्टकडे गेलो. अंतर स्वतःच टेप लावून मोजलं, पाण्याच्या कडेपासून केबिनपर्यंत. ५२ फूट भरलं. त्या उन्हाळ्यात पाऊस कमी होता आणि पाणी खाली गेलं होतं. कायदा मात्र त्या दिवशीचं पाणी बघत नाही. पाणी दीर्घकाळ कुठवर टिकलं आणि जमिनीवर खूण सोडून गेलं, ते तो बघतो: साधारणपणे पाणवनस्पती संपून जमिनीवरची झाडं सुरू होतात ती रेषा. आमच्या मंद उताराच्या काठावर ती बरीच वर होती. सर्व्हेअरचं अंतर आलं ४१ फूट, तोवर नकाशे पूर्ण झालेले. शिवाय सेप्टिक तपासणीत नापास. तिथेच थांबायला हवं होतं. पैसे गेलेत म्हणून मी तोच नकाशा जोडून अर्ज केला.

अर्जात कारणं लिहिली ती आमची. दर उन्हाळ्यात पुण्याहून येणारे आई-बाबा, वाढती मुलं, मागे सरकवण्याचा खर्च. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हेरियन्सची कसोटी फार कडक केली होती आणि २०११ मध्ये विधिमंडळाने ती सैल केली, हे वाचून मी निर्धास्त होतो. पुढचं नीट वाचलं नाही. अडचण जागेच्या वेगळेपणातून आलेली हवी, मालकाने ओढवलेली नको, परिसराचं रूप बदलायला नको. आणि निव्वळ पैशाची अडचण ही अडचणच धरत नाहीत.

सुनावणीत, असे अर्ज ऐकणाऱ्या काउंटीच्या मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, “या जमिनीत असं काय आहे, की घर आणखी मागे जाऊ शकत नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग शेजारच्या वयस्क बाई बोलल्या. काउंटीच्या नोटिशीतून त्यांना आमचा बेत कळला होता. मी कुंपणापलीकडे जाऊन एक शब्द सांगितला नव्हता, याची मला आजही लाज वाटते. त्यांची तक्रार खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याची नव्हती. छपरावरचं आणि हिरवळीवरचं पाणी फॉस्फरस घेऊन थेट तळ्यात येतं, त्यावर शेवाळ माजतं, आणि हे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. नियम जागेच्या २५ टक्क्यांवर छप्पर-फरसबंदी होऊ देत नाही तो याचसाठी. आमच्या वाट्याला ३,००० चौरस फूट येत होते आणि खडीचा रस्ता मी हिशेबात धरलाच नव्हता. आमची काउंटी तो धरते. अर्ज फेटाळला.

कोर्टात जायला तीस दिवस होते. गेलो नाही, कारण मंडळाचं म्हणणं मला पटलं होतं.

दुसऱ्या वेळी आधी सर्व्हे, मग सेप्टिकची जागा, मग शेजारच्या बाईंकडे चहा, आणि सगळ्यात शेवटी नकाशा. घर एकमजली झालं आणि ६८ फुटांवर गेलं. त्याहून मागे न जाण्याचं कारण, सेप्टिकला लागणारी जागा, हे जमिनीचं होतं. रस्ता निम्मा झाला, शेड गेली. व्हेरियन्स मिळाला तो अटींसह: काठालगतची हिरवळ काढून तिथे स्थानिक गवत आणि झुडपं लावायची. आदेश जागेच्या कागदपत्रांबरोबर नोंदवला आहे, त्यामुळे ही झुडपं आमच्यानंतरच्या मालकालाही राखावी लागतील.