पेण ते शिकागो

जून लागला की मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारणा सुरू होते, "बाप्पा कुठवर आले?" मी मालवाहतुकीच्या धंद्यातला, म्हणून उत्तर द्यायचं काम माझ्याकडे. "निघालेत" एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. तेव्हा यंदा अख्खा प्रवासच लिहून काढतो.

आमची शाडूची मूर्ती पेणची. एप्रिलमध्ये तिच्याभोवती पेंढा भरतात, मग खोका, वर लाकडी पेटी, आणि टेम्पोनं ती न्हावा-शेव्याच्या वाटेला लागते. गाव आणि बंदर दोन्ही रायगड जिल्ह्यातलीच. बंदराजवळच्या गोदामात चार मंडळांच्या आणि कितीतरी घरच्या मूर्ती एका 20 फुटी कंटेनरमध्ये रचतात, दाराला नंबरी सील लागतं आणि कंटेनर जहाजावर चढतो.

नेहमीचा मार्ग सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात आणि अटलांटिक ओलांडून नॉरफोकला. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तशी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. म्हणजे दहा-बारा दिवस जास्त. नॉरफोकला कंटेनर रेल्वेवर चढतो. या गाडीत एकावर एक असे दोन कंटेनर ठेवतात. त्यासाठी ॲपलाचियन डोंगरातले बोगदे उंच करून 2010 मध्ये ही वाट मोकळी केली. शिकागोच्या यार्डात क्रेन तो उतरवते, ट्रेलर गोदामात आणतो आणि तिथे सील तुटतं.

टेम्पो, जहाज, रेल्वे, ट्रेलर. वाहनं बदलतात, पण सील लागल्यावर आतल्या पेट्यांना कोणी हात लावत नाही. ही युक्ती माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याची. 26 एप्रिल 1956 रोजी त्याचं 'आयडियल एक्स' जहाज 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याआधी गोदीत एकेक पोतं, एकेक खोकं माणसं उचलून चढवत आणि उतरवत. आज कंटेनरचे कोपरे जगभर एकाच मापाचे असतात, म्हणून कुठल्याही बंदराची क्रेन तो उचलू शकते.

तरीही एका वर्षी पेटी उघडली तर बाप्पांचा उजवा हात निखळलेला. खंडित मूर्ती पूजेला कशी बसवणार? एका घरी मुलांनी केलेला वीतभर शाडूचा गणपती आणून त्याची प्रतिष्ठापना केली. आरती नेहमीसारखीच दणक्यात झाली, पण मोठ्या मखरात ती एवढीशी मूर्ती पाहून ज्येष्ठ मंडळींचे डोळे भरून आले.

भरपाई मागायला गेलो तेव्हा खरा प्रवास कळला. त्या वर्षी प्रत्येक टप्प्याचा करार वेगळा होता. जहाजवाले म्हणाले रेल्वेत झालं असेल, रेल्वेवाले म्हणाले ट्रकवर, ट्रकवाल्यानं सील शाबूत असल्याची पावती दाखवली. सगळ्यांचंच म्हणणं बरोबर! सील शाबूत होतं म्हणूनच हात कुठे तुटला हे कोणालाच सांगता येईना.

यावरचा उपाय भारतातल्या 1993 च्या बहुविध वाहतूक कायद्यात आहे. दारापासून दारापर्यंत एकच कागद आणि जबाबदारही एकच. नुकसान कुठल्या टप्प्यावर झालं ते कळलं नाही, तरी त्याला अंग झटकता येत नाही. मात्र भरपाईची मर्यादा नगावर किंवा वजनावर ठरते, आणि मातीच्या वजनाला किती पैसे येणार! म्हणून विमा वेगळा उतरवायचाच.

दुसऱ्या गावची मंडळं मला विचारतात, "पेणहून मूर्ती आणायची तर भाडं किती पडेल?" मी म्हणतो, भाडं नंतर विचारा. आधी विचारा, कागदावर सही कोणाची, आणि ती सही कुठपर्यंत चालते? "बंदरापर्यंत" असं उत्तर आलं, तर बंदरापुढे बाप्पांचा वाली कोण, हे त्याच दिवशी ठरवून टाका.