नागपूरचा एकसर सूर

नागपूर म्हटले की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात : संत्री, ऊन आणि सावजी रस्सा. या यादीत मी चौथी भर घालीन, ती विजेची. शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे कोळसा जाळून वीज तयार होते. ही वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. रात्री ट्यूबलाइटखाली स्वस्थ बसले, तर तिची बारीक गुणगुण कानी येते. आपण ती विसरतो. इलेक्ट्रिक गिटार मात्र विसरत नाही!

माझा धाकटा भाऊ धरमपेठेत राहत असे. तरुणपणी गणपतीच्या दिवसांत तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी. १९७१ सालच्या 'दम मारो दम'मधील भूपिंदर सिंग यांच्या गिटारचे तुकडे त्याने कान देऊन बसवले होते. तीन वर्षांपूर्वी तो गेला. गिटार राहिली आणि ती आता माझ्या भाच्याच्या हाती आहे. गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी मी नागपुरास गेले, तेव्हा घरात त्या गिटारवरून अबोला होता. भाचा म्हणे, "आत्या, हिचा आवाज फार पातळ आहे. जाड आवाजाची दुसरी घेतो, ही बदल्यात देतो." वहिनी काही बोलत नव्हती, फक्त गिटारची पेटी तिने कपाटात ठेवून दिली होती.

अखेर आम्ही आत्या-भाचे मेट्रोने सीताबर्डीस गेलो. १८१७ साली अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली ती टेकडी वर, आणि खाली कपडे, चपला, चार्जर यांची अखंड रांग. एका गल्लीत जिन्याखाली एक कारागीर बसतो. रेडिओपासून मिक्सरपर्यंत तो सारे उघडतो. गिटार पाहून त्याने आधी चष्मा पुसला.

वाचकहो, या वाद्याचे पोट उघडले की गंमत दिसते. तारांखाली तीन पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलाच हा नियम. १९५४ साली अमेरिकेत फेंडरने स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार काढली, तिच्यात असे तीन एकेरी पिकअप होते. आमची गिटार त्याच घाटाची. आवाज स्वच्छ, घंटेसारखा. पण एकेरी वेढे हवेतली ती ५० हेलकाव्यांची गुणगुणही पकडतात.

यावर गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या गृहस्थाने तोड काढली. १९५५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची, पण दुसऱ्याचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटे. मी मराठीची प्राध्यापिका. मला हे व्याकरणातून कळले. "येणार नाही असे नाही" म्हणजे येणारच. तारेच्या आवाजाला दोनदा नकार मिळतो, म्हणून तो होकार होऊन दुप्पट होतो. गुणगुणीला चुंबकाशी देणेघेणे नाही, तिला नकार एकदाच. म्हणून ती पहिल्या वेटोळ्यातल्या गुणगुणीशी भिडून मावळते. हाच हंबकर.

आता एकेरी पिकअपांतून तसा भरदार आवाज काढायचा कसा? दिवाळीतल्या दिव्यांच्या जुन्या माळा आठवा. एक दिवा गेला की सारी माळ अंधारात, कारण वीज एकामागून एक सगळ्यांतून जाई. शाळेच्या पुस्तकात या जोडणीला 'एकसर' म्हणतात. हाराचा एक सर, तशी. घरातले दिवे मात्र समांतर. एक गेला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. गिटारवर दोन पिकअप एकत्र लावले की ते समांतर जुळतात आणि आवाज अधिकच पातळ, चमकदार होतो. तेच एकसर जोडले की दोघांचा जोर बेरजेत येतो. सहा हजार ओहमचे दोन पिकअप समांतर जोडले तर तीन हजार, एकसर जोडले तर बारा हजार. लांबलेले वेटोळे झटपट बदलांना अडवते, म्हणून तीव्र स्वर दबतात आणि मधला गाभा पुढे येतो.

कारागिराने भाच्याला विचारले, "स्विच दुसऱ्या अन् चौथ्या घरावर ठेवला की घूं-घूं जाते का?" जाते, म्हणाला. म्हणजे मधला पिकअप मुळातच उलटा होता. तो तसा नसता, तर एकसर जोडणीत गुणगुणही दुप्पट झाली असती.

सोल्डरिंगची लोखंडी टोके तापली तशी मी म्हटले, "जुना आवाज गेला तर?"

"काहून घाबरून राहिल्या ताई? जुना आहे तसाच ठेवून राहिलो, अन् वरून एक नवा देऊन राहिलो. बटन वर ओढलं तर नवा, दाबलं तर जुना!"

काम एका तारेचे. गळ्याकडच्या पिकअपची जमिनीला जोडलेली तार त्याने सोडवली आणि टोनच्या जागी बसवलेल्या ओढबटणाच्या मधल्या पायाला लावली. एक पाय जमिनीला, दुसरा मधल्या पिकअपच्या गरम तारेला. लाकडाला त्याने एकही भोक पाडले नाही. "पण हंबकर समजू नका," तो भाच्याला म्हणाला, "त्याची दोन वेटोळी चिकटून असतात, तुमची दूर आहेत. भाऊ आहे, जुळा नाही."

रात्री वहिनीच्या स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चालू होता. भाच्याने बटण ओढले. आवाज खरोखरच गोरटेल्या पोराचा घसा फुटावा तसा भारी झाला. गुणगुण नाही, जोरही वाढलेला. तो हरखून दहा मिनिटे वाजवीत राहिला. वहिनी झारा हातात घेऊन दाराशी आली.

"छान आहे," ती म्हणाली. "आता ते दाब बरं."

त्याने बटण दाबले आणि माझ्या भावाचा तो पातळ, घंटेसारखा सूर, मागच्या बारीक गुणगुणीसकट, खोलीत आला. तेल तापत होते तरी वहिनी पूर्ण गाणे संपेपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवशी गिटारची पेटी कपाटातून निघून भाच्याच्या खाटेखाली गेली.

नागपुरास गेलात तर संत्री जरूर आणा. पण घरात कुणाचे जुने वाद्य पडून असेल, तर ते मोडीत देण्याआधी बर्डीतला एखादा जिना शोधा.