फोटो नको, गाडी द्या

गेल्या पावसाळ्यात एका सेवाभावी क्लबसोबत आम्ही धडगावजवळच्या पाड्यावर गेलो. बिस्किटे वाटली, फोटो निघाले, गाड्या परतल्या. कुपोषित बाळ झोळीतच राहिले. पोषण पुनर्वसन केंद्रात 14 दिवस राहायचे तर आईची मजुरी बुडते. घरची बाकी पोरे कोण सांभाळणार? त्या फोटोत आम्हीही होतो, याची लाज वाटते.

संविधानाचे कलम 47 पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने भाकर हा हक्क झाला, भीक नव्हे. म्हणून क्लबांनी दाते बनू नये, साथीदार व्हावे. गाडीभाडे द्यावे, बुडालेली मजुरी भरून द्यावी, अमृत आहार खरोखर ताटात पडतो का, हे आमच्यासोबत ग्रामसभेत विचारावे.

मित्रांनो, पुढच्या वेळी बॅनरआधी बाळाला न्यायची गाडी मागू.

जय भीम!