गाव बघावे मे महिन्यात

दिवाळीत कोणतेही गाव गोजिरवाणे दिसते. दारात रांगोळी असते, विहिरीला पाणी असते, हवा गार असते आणि यजमानांच्या घरी चकल्यांचा डबा काठोकाठ भरलेला असतो. म्हणून बिऱ्हाड हलवायचे असेल तर गाव बघायला दिवाळीत जाऊ नये, मे महिन्यात जावे, असा सल्ला आमच्या सासऱ्यांनी दिला. सासरे परभणीचे. उन्हाळा म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. आम्ही पडलो मूळचे रत्नागिरीकडचे आणि दोन पिढ्यांचे डोंबिवलीकर. घाम आम्हाला ठाऊक होता, ऊन ठाऊक नव्हते.

डोंबिवली सोडण्याचे कारण तसे क्षुल्लक. आमच्या धाकट्याने शाळेत आपल्या कुटुंबाचे चित्र काढले. चित्रात आई होती, ताई होती, गॅलरीतली तुळस होती आणि शेजारच्यांचे मांजरही होते. मी नव्हतो. बाईंनी विचारले, "बाबा कुठे आहेत?" चिरंजीव म्हणाले, "बाबा लोकलमध्ये आहेत." शिक्षिकाबाई हसल्या, सौ. हसली, मीही हसलो. रात्री मात्र मला झोप लागली नाही.

त्याच सुमारास आमच्या कंपनीने फोर्टातली कचेरी आवरती घेतली आणि आम्हा हिशेबनिसांना घरूनच काम करायला सांगितले. काम घरूनच करायचे, तर घर डोंबिवलीतच कशाला हवे? पुणे झाले, नाशिक झाले. घरांचे भाव ऐकून आम्ही आल्या पावली परतलो. कोकणातल्या घराला सोळा वाटेकरी. शेवटी सौ. म्हणाली, "माझ्या माहेरच्या बाजूला बघू या की! नांदेडला मामा आहेत, लातूरला तुमचा कॉलेजातला मित्र आहे. दोन्ही गावं बघू आणि ठरवू." अशा रीतीने २०२४ च्या मे महिन्यात आम्ही चौघे तपोवन एक्स्प्रेसमध्ये बसलो. थोरली नववीत जायची होती, धाकटा तिसरीत.

सकाळी मुंबईहून निघालेली तपोवन संध्याकाळी नांदेडला पोचते. स्टेशनाच्या पाटीवर 'हुजूर साहेब नांदेड' असे नाव आहे. फलाटावर निळे फेटे बांधलेली मंडळी, तेलंगणाकडची कुटुंबे, बुरख्यातल्या बायका आणि धोतर-टोपीतले शेतकरी असा मेळा पाहून धाकट्याने विचारले, "बाबा, हे महाराष्ट्रातच आहे ना?" मामा न्यायला आले होते. ते म्हणाले, "आहे बाळा. पण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. इथल्या माणसाला दोन-तीन भाषा येणं ही काही मोठी गोष्ट नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामींनी आम्हाला गुरुद्वारात नेले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये याच गावी देह ठेवला आणि आपल्यामागे ग्रंथसाहेबालाच गुरू मानावे असे सांगितले. महाराजा रणजितसिंगांनी पुढे १८३२ ते १८३७ या काळात येथे सचखंड गुरुद्वारा बांधवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. पहाटेच्या थंड फरशीवर अनवाणी चालताना मुले आपोआप हळू बोलू लागली. लंगरमध्ये आमच्या एका बाजूला लुधियानाचा एक ट्रकवाला बसला होता, दुसऱ्या बाजूला कंधारचे एक म्हातारे जोडपे. घरी भाजीला नाक मुरडणाऱ्या धाकट्याने येथे डाळ दोनदा मागून घेतली. सौ. माझ्याकडे बघत राहिली.

मग नगीना घाटावर गेलो. येथले लोक गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा आहे, त्यामुळे मे महिन्यातही पात्रात पाणी होते. कोकणच्या माणसाला पाणी दिसले की निम्मे गाव आवडलेच! माझा चेहरा पाहून मामा म्हणाले, "जावईबापू, गंगा दिसायला छान आहे. पण गावातले नाले तिच्यातच जातात, तेवढं नाकाला विचारा. आणि पावसाळ्यात बंधाऱ्याची दारं उघडली की नदीकाठच्या वस्त्यांना सामान आवरावं लागतं. घर घ्यायचं तर उंचावर घ्या."

मला नांदेडची ओढ वाटण्याचे आणखी एक कारण होते. नरहर कुरुंदकरांची पुस्तके मी तरुणपणी वाचली होती. कुरुंदकर येथल्या शाळेत शिक्षक होते आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९८२ मध्ये, पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा, ते गेले. हे पीपल्स कॉलेज ज्या संस्थेचे, ती उभी केली स्वामी रामानंद तीर्थांनी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते नेते. त्यांच्याच नावाचे विद्यापीठ १९९४ पासून नांदेडला आहे. शिवाय मुलांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठाणे आहे. अर्धापूरची केळी आहेत. मी मनातल्या मनात नांदेडला बिऱ्हाड मांडूनही टाकले.

उन्हाने मात्र आमची परीक्षा घेतली. दुपारी अकरानंतर वजिराबादेच्या बाजारात पाऊल टाकवत नव्हते. रात्री गच्चीवर अंथरूण टाकले तरी फरशी तापलेलीच. मामी म्हणाल्या, "माय, मे महिना काढलास की बाकीचे अकरा महिने सोपे." थोरली काही बोलली नाही. उशी भिजवून झोपली.

चार दिवसांनी एस.टी.ने लातूरला निघालो. रेल्वेने जायचे तर पूर्णा, परभणी, परळी करीत मोठा वळसा पडतो, एस.टी. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी सरळ जाते. काळ्या रानात नांगरट झाली होती. बाभळीखेरीज हिरवे काही नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून ३६० मीटरच्या आसपास, तर लातूर बालाघाटच्या पठारावर, ६३० मीटरच्या आसपास. त्यामुळे दुपार तितकीच कडक असली तरी रात्री वारा सुटला आणि थोरलीने उशी कोरडीच ठेवली.

लातूरचे हृदय म्हणजे गंजगोलाई. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सराफ, एकावर भांडी, एकावर किराणा. धाकटा दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा देवळापाशीच सापडला. "इथं हरवायची सोयच नाही," मित्र म्हणाला. तूर आणि सोयाबीनचा इथला बाजार मोठा. येथे माणसे पावसाची चौकशी करतात ती आपल्यासारखी छत्रीसाठी नव्हे.

पाण्याचा विषय मित्राने स्वतःच काढला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले होते. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. "गाडी बघायला सगळं गाव लोटलं होतं," मित्र सांगत होता. "मीही गेलो होतो. पाणी बघायला माणूस स्टेशनात जातो, असं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं." त्याच वर्षीच्या पावसाने धरण भरले. पण लातूरकराच्या मनातला तो उन्हाळा गेलेला नाही.

भाड्याचे घर बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आधी खोल्या दाखवल्या नाहीत, अंगणातला हौद दाखवला. "नळ आठ दिवसाला येतोय बगा. पण येतोय. बोअर हाय. हौद भरून ठेवला तर अडचण नाही. आणि बादलीत अंघोळ करायची, ते फवारे-बिवारे लावायचे नाहीत."

सौ.ला दुसरीच भीती होती. तिने हळूच भूकंपाचे विचारले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसराची जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या भागातली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड धाबे. उन्हापासून वाचवणारे तेच धाबे झोपेत अंगावर आले. बाई तेव्हा नवी नवरी होत्या. लातूर गावात घरे हलली, पण किल्लारीसारखे झाले नाही. त्यांनी सौ.चा हात धरून तिला जिन्याखाली नेले आणि खांब दाखवले. "मालकांनी हे घर भूकंपानंतर बांधलं. आधी लोखंड किती घातलं ते विचारायचं आणि मग रंग कोणता द्यायचा ते विचारायचं, असं ते म्हणायचे." सौ. खांबावरून हात फिरवून आली. तिचा निम्मा निर्णय तिथेच झाला असावा.

माझा निर्णय मात्र नांदेडचाच होता. लातुरात जिकडे बघावे तिकडे शिकवण्यांच्या पाट्या. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो बसथांब्यापासून रसवंतीपर्यंत. यालाच 'लातूर पॅटर्न' म्हणतात. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या येथल्या महाविद्यालयांनी सराव-परीक्षांवर भर देऊन जी पद्धत बसवली, तिच्या यशामुळे आज राज्यभरातून मुले डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येथे येतात. दोन वर्षे राहतात आणि जातात. मी मित्राला म्हटले, "अरे, हे गाव आहे की परीक्षेचा हॉल? आम्ही लोकलची घाई सोडून आलो, आता ही घाई गळ्यात घालून घेऊ?"

मित्र हसला आणि आम्हाला शेजारच्या वाड्यात घेऊन गेला. तिथे एका खोलीत एक बाई, तिची मुलगी आणि मुलगा राहत होते. नवरा गावी शेती बघतो. मुलगी अकरावीत, तिच्यासाठी आई धाकट्यालाही घेऊन येथे आलेली. कोपऱ्यात गॅस, खिडकीत वह्या. बाईंनी आम्हाला सुशीला करून वाढला आणि मोठ्या अगत्याने वाढला. थोरली त्या मुलीशी बराच वेळ बोलत बसली. परतताना मी सहज विचारले, "काय म्हणत होती गं?"

"तिला अभ्यास आवडतो," थोरली म्हणाली. "पण वडिलांना भेटून दोन महिने झाले. पेरणी झाली की येतो म्हणालेत."

त्या रात्री गच्चीवर आमची सभा भरली. मी नांदेडची बाजू मांडली: नदी, पुस्तके, गुरुद्वारा, मामांचा आधार. धाकट्यानेही नदीला मत दिले. सौ. गप्प होती. मग थोरली म्हणाली, "बाबा, मला डॉक्टर व्हायचं की नाही, ते मला अजून माहीत नाही. पण व्हायचं ठरलं, तर नांदेडहून सगळे जण मला लातूरलाच पाठवा म्हणतील. मग मी आणि आई इथे, तुम्ही आणि हा तिथे. आपण एकत्र राहायचं म्हणून डोंबिवली सोडतोय ना?"

नांदेडलाही शिकवण्या आहेत, हे मला म्हणता आले असते. मी म्हटलेही. पण त्या खोलीतल्या मुलीचा चेहरा आम्हा सगळ्यांनाच आठवत होता. मी हिशेबनीस आहे. आयुष्यभर इतरांच्या खात्यातल्या चुका काढत आलो. नदीच्या लोभात मी आमच्या खात्यातली मूळची रकमच विसरलो होतो. जूनमध्ये आम्ही त्या हौदवाल्या घरात राहायला आलो.

आता दीड वर्ष होत आले. सगळे गोड आहे असे म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात नळाचा दिवस चुकला आणि टँकरचे पैसे मोजावे लागले. थोरलीची दहावी चालू आहे, आणि शेजारपाजारचा प्रत्येक माणूस तिला टक्क्यांविषयी विचारतो. त्यासाठी आम्ही एक नियम केला आहे: जेवताना परीक्षेचे नाव काढायचे नाही. नियम मोडणाऱ्याने हौद घासायचा. आतापर्यंत तीन वेळा मीच घासला. वर्षातून दोनदा आम्ही नांदेडला जातो, घाटावर बसतो आणि मामींच्या हातचे खाऊन परततो. नदी तेवढी पुरवून घ्यावी लागते.

गेल्या डिसेंबरात वेळ अमावस्या आली. येथे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूरचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडतात, कारण सारे गाव रानात गेलेले असते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला घेऊन जातो. घरमालकीणबाईंनी आम्हाला विचारलेसुद्धा नाही, टेंपोत बसवले. हिरव्या हरभऱ्यात, कडब्याच्या खोपीपुढे बसून बाजरीचे उंडे आणि भज्जी खाल्ली, माठातली आंबील प्यालो. ही भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हेत बरे का! पालेभाज्या आणि शेंगांचे दाणे एकत्र शिजवलेला तो दाट, चविष्ट प्रकार आहे. बाई म्हणाल्या, "आता तुम्ही लातूरचे झालाव."

डोंबिवलीचे मित्र पत्ता विचारतात. त्यांनाही मुंबई सोडायची आहे. त्यांना मी सासऱ्यांचाच सल्ला देतो. मे महिन्यात या. मुलांना बरोबर आणा आणि त्यांचे ऐका. नळ किती दिवसांनी येतो ते विचारा, खांबांत लोखंड किती ते विचारा, आणि आपण घर का सोडतो आहोत ते निघताना एका कागदावर लिहून खिशात ठेवा.

परवा धाकट्याने शाळेत पुन्हा कुटुंबाचे चित्र काढले. या वेळी मी चित्रात आहे. हौद माझ्यापेक्षा मोठा काढला आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.