पंपाने हवा धरली तेव्हा

दांडिया बाजारातील आमच्या वाड्याला विहीर होती. १९६१ च्या उन्हाळ्यात थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, आमच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून आम्हांस त्या विहिरीत सोडले. आम्ही ७ वर्षांचे, ते १६ चे. चौथ्या दिवशी त्यांनी न सांगता डब्याला भोक पाडले आणि डब्यात पाणी शिरते आहे हे आमच्या ध्यानी येईपर्यंत आम्ही पोहू लागलो होतो. कमरेचा दोर मात्र त्यांच्याच हाती होता. १९९६ साली वाडा विकला गेला, विहिरीवर स्लॅब पडला. दादा सेवासीच्या बाजूस बंगल्यात राहावयास गेले. आम्ही जुन्या बडोद्यातच एका सदनिकेत राहिलो. तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत आमची नोकरी झाली; त्यामुळे नातलगांच्या घरचा कोणताही बिघडलेला पंप, पंखा वा मिक्सर आजही आमच्याच नशिबी येतो.

दादांच्या बंगल्यामागे २०१५ साली पुतण्याने पोहण्याचा तलाव बांधविला. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला कमरेहून थोडे अधिक तर दुसऱ्या टोकाला खांद्यापर्यंत पाणी. सुमारे ४३ हजार लिटर. नातवंडे सुटीत येतील म्हणून बांधला, आणि नातवंडे आली ती दोनदा. आम्ही त्या तलावाची पुष्कळ थट्टा केली होती. मात्र २०२३ च्या दिवाळीनंतर दादांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू दुबळी झाली, आणि व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी पाण्यात चालावयास सांगितले. छातीइतक्या पाण्यात शरीराच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्साच पायांवर येतो. अंगणात काठीने दहा पावले टाकताना थकणारे दादा पाण्यात कठडा धरून वीस-वीस फेऱ्या करू लागले. थट्टा तेव्हापासून बंद झाली.

२०२४ च्या एप्रिलात वहिनींचा फोन आला. पाणी हिरवे झाले होते आणि दादांचे चालणे चार दिवस बंद होते. दुकानातून आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटे पाहून ‘पंप गेला, फिल्टरही जुना झाला, दोन्ही बदला’ असे सांगून कागदावर आकडा लिहून दिला होता. शेजारी कुंपणावरून म्हणत होते, “काका, हवे मगर आवे एटली ज वार छे.” विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्यांस हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही गेलो तेव्हा पंप चालू होता, आवाजही निरोगी होता. मोटार जळलेली असती तर ती फिरली नसती. कपॅसिटर गेला असता तर नुसती गुणगुणत बसली असती. बेअरिंग गेले असते तर किंचाळली असती. फिल्टरवरच्या दाबमापकाचा काटा मात्र ४ वर थरथरत होता. वाळू स्वच्छ असताना तो १२ वर असतो, असे दादांच्या वहीत त्यांच्याच जुन्या, वळणदार अक्षरांत लिहिलेले होते. येथेच त्या तंत्रज्ञाचे निदान चुकले होते. फिल्टरची वाळू चोंदली तर दाब वाढतो. नेहमीच्या दाबाहून आठ-दहा वाढला की उलटे पाणी सोडून वाळू धुवावी. दाब पडला असेल तर खोड पंपाच्या अलीकडे, खेचणाऱ्या बाजूला शोधावी. त्यातच पंपाच्या जाळीच्या टोपलीवरील पारदर्शक झाकणाखाली पाणी उकळल्यासारखे दिसत होते आणि तलावात परतणाऱ्या धारेत बुडबुडे होते. पंपाने हवा धरली होती.

हवा कोठून येते हे शोधणे पाणी कोठून गळते ते शोधण्याहून अवघड, कारण खेचणाऱ्या नळात पंप चालू असताना दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो. फटीतून थेंबही बाहेर येत नाही, हवाच आत जाते. पहिले कारण मात्र शोधावेही लागले नाही. तलावाच्या कडेला जे चौकोनी तोंड असते, ज्यास स्किमर म्हणतात, ते अर्धेअधिक उघडे पडले होते. पाणी चार बोटे खाली गेले होते. आम्ही बागेच्या नळीने रात्रभर पाणी भरले. बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत.

मग झाकण उघडून ओ-रिंग पाहिली. ती चपटी झाली होती, आणि वहिनींनी सांगितले की दादा तिला व्हॅसलीन लावीत. काही जातींचे रबर त्याने फुगते. सिलिकॉन ग्रीसच लावावे. रिंग बदलली. काटा ८ वर आला. शेवटी देवघरातून उदबत्ती मागवून घेतली. पंप चालू ठेवून पेटती उदबत्ती एकेका सांध्याजवळ धरीत गेलो. सगळीकडे धूर सरळ वर जात होता. पंपाच्या तोंडाशी आट्यांनी बसविलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याजवळ येताच वाकला आणि आत ओढला गेला. वहिनी म्हणाल्या, “देवाची उदबत्ती अशा कामाला प्रथमच लागली!”

तो तुकडा आक्रसला होता. पंप कोरडा चालला की आतले उरलेसुरले पाणी तापते आणि तोंडाशी असलेला पीव्हीसीचा सांधा नरम होऊन आकसतो. पुढे पाणी आले तरी आटे पूर्ववत बसत नाहीत. मुख्य बटण बंद करून नळ कापला, नवा तुकडा व युनियन बसविले, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली, चिकटविलेले सांधे एक दिवस वाळू दिले. खर्च सहाशे रुपयांच्या आत. पंप सुरू करताच काटा १२ वर जाऊन स्थिर उभा राहिला. क्लोरीन घालून आणि वाळू दोनदा धुऊन तिसऱ्या दिवशी तळाच्या फरशा दिसू लागल्या.

काम येथे संपले असे कोणीही म्हटले असते. पण पंप कोरडा का चालला? दादांचे म्हणणे तलाव गळतो. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. पायरीवर बादली ठेवावी, तीत तलावाच्या पातळीइतके पाणी भरावे, आत व बाहेर खुणा कराव्यात, आणि एक दिवस तसेच राहू द्यावे. ऊन दोन्हीवर सारखेच पडते. तलाव बादलीहून अधिक उतरला तरच गळती. दुसऱ्या दिवशी दोन्ही खुणांखाली अंतर सारखेच होते. तलाव शाबूत होता. एप्रिलचे ऊन रोज थोडे पाणी नेत होते आणि ते भरून काढणारे कोणी नव्हते.

पाणी भरण्याचे काम दादांचे. माळी होता, वहिनी होत्या, पण सकाळी पाणी सोडणे त्यांनी कोणास करू दिले नव्हते. भरण्याच्या नळाला जुन्या पद्धतीची गोल चावी होती. आम्ही ती फिरवून पाहिली. सेवासीचे बोअरचे पाणी जड. क्षार साचून चावी अशी आवळली होती की ती सोडविताना आमचे दोन्ही हात लागले. दादा पायरीवर बसले होते. ते आमच्याकडे न पाहता कुंपणाकडे पाहत राहिले. तीन आठवडे ते रोज सकाळी तेथवर जात असणार, आणि वहिनींना ‘सोडले पाणी’ असे सांगत परत येत असणार.

आम्ही काही बोललो नाही. “क्षार फार झाले आहेत, दादा, ही चावी माझ्याच्यानेही फिरत नाही,” एवढेच म्हणालो, आणि ते खोटेही नव्हते. रावपुऱ्यातून पाव फेऱ्यात उघडणारा, लांब दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह आणून त्या जागी बसविला.

सकाळी दादा काठी टेकत आले. डाव्या हाताने दांडा ओढला. पाणी आले. थोडा वेळ ते नळीच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

“बाळू,” ते म्हणाले, “दांडा उलट्या बाजूस बसवला आहेस. उघडल्यावर वाटेत येतो. कोणीतरी अडखळेल.”

पाहिले, तर खरेच वाटेत येत होता. दुपारी आम्ही तो काढून सुलट बसविला.